खार

जयसिंगरावांना आपल्या बायकोचा हेवा पहिल्यांदा वाटला तो लोणच्याच्या बरणीपाशी.

बरणी नवी होती, झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी आधी नुसत्या हाताने जोर लावला, मग फडक्यात धरून पाहिलं, मग बरणी उलटी करून तिच्या बुडावर थापट्या मारल्या. मनगट दुखायला लागलं, पण झाकण ढिम्म हललं नाही. वैजयंताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे हात पुसले, बरणी काखेत धरली आणि एका पिळात झाकण सोडवलं. "घ्या," म्हणाल्या आणि परत परातीकडे वळल्या. हसल्या मात्र नाहीत. हसल्या असत्या तर जयसिंगरावांना बरं वाटलं असतं.

जयसिंग शेडगे म्हणजे साताऱ्यातल्या एका जुन्या शाळेचे पी.टी.चे सर. त्यांची शिट्टी वाजली की अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं. मैदानातल्या आंब्याला बांधलेल्या दोरावरून ते पाय न लावता, नुसत्या हातांवर शेंड्यापर्यंत जायचे आणि खाली पोरं तोंड उघडी टाकून बघत राहायची. टक्कल पडलेले, नातवंडं झालेले त्यांचे विद्यार्थी अजूनही त्यांना रस्त्यात पाहून हातातली सिगरेट पाठीमागे लपवत. पण ते झालं रस्त्यातलं. घरात खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांचा टेकू द्यावा लागे. मांड्या वाळून गेल्या होत्या, पँट पट्ट्याने आवळल्याशिवाय कमरेवर राहत नव्हती.

वैजयंताबाई चार वर्षांनी लहान आणि अंगाने पहिल्यापासून किडकिडीत. "फुंकर मारली तर उडून जाशील," असं ते लग्नात त्यांना म्हणाले होते आणि पुढे पन्नास वर्षं अधूनमधून म्हणत आले होते. आता सत्तरीत त्या रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येत होत्या.

हे झालं कसं, ते कळायला जरा शरीराच्या आत जावं लागेल. साठी-पासष्टीनंतर माणसाचे स्नायू बहिरे होत जातात. तरुणपणी वाटीभर डाळ, एखादं अंडं पोटात गेलं की त्यातल्या प्रथिनांची हाळी स्नायूंना लगेच ऐकू जाते आणि ते झीज भरून काढायच्या कामाला लागतात. म्हातारपणी तेवढ्या हाळीने त्यांना जाग येत नाही. जाग आणायची तर दर जेवणात प्रथिनं वाढवावी लागतात. आणि नेमकं त्याच वयात दात गेलेले असतात, भूक मेलेली असते, मूत्रपिंडं कुरकुरत असतात. ज्याला जास्त हवं त्यालाच कमी जातं. म्हातारी माणसं जिन्यात अडखळतात, न्हाणीघरात पडतात, अंथरूण धरतात, त्यातली कितीतरी यापायी.

यातून वाट सापडली ती एका खारीच्या पोटात. बर्फाच्या मुलखात जमिनीखाली बीळ करून राहणारी एक खार असते. ती हिवाळाभर काही न खाता झोपते, आणि ऊन पडलं की उठून टुणटुण पळायला लागते. इतकं उपाशी राहूनही तिचे स्नायू झडत नाहीत. याचं कारण तिच्या आतड्यातले जिवाणू. खाल्लेल्या प्रथिनांतला वापरून उरलेला नायट्रोजन शरीर युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकून देतं. खारीचे जिवाणू तो युरिया वाटेत अडवतात, फोडतात, त्यातून पुन्हा प्रथिनांचे घटक घडवतात आणि खारीला परत देतात. शास्त्रज्ञांनी ही विद्या माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका गरीब स्वभावाच्या जिवाणूला शिकवली. शिवाय ल्युसीन नावाचा जो घटक स्नायूंच्या दारावर सगळ्यांत जोरात थाप मारतो, तो भरपूर बनवायची सवय त्याला लावली. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, ते साताऱ्यात कुणी उच्चारलं नाही. लोक त्याला नुसतं ‘खार’ म्हणत. कॅप्सूल ताकाबरोबर घ्यायची, आणि काही आठवड्यांनी खारीच्या केंद्रावर जाऊन युरिया घातलेलं पाणी प्यायचं आणि नळीत फुंकायचं. खार आत बसली की नाही ते श्वासावरून यंत्र सांगे.

दोघांनी कॅप्सूल एकाच दिवशी घेतली होती. वैजयंताबाईंची खार बसली. जयसिंगरावांची बसली नाही. त्यांनी पुन्हा घेतली, आणखी एकदा घेतली. ते नळीत फुंकत आणि पडद्यावरचा काटा शून्यावर पडून राही.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर नाझनीन मुजावर त्यांच्याच शाळेच्या विद्यार्थिनी. एके काळी दोन वेण्या घालून लंगडीच्या संघात खेळायच्या. त्या अवघडून म्हणाल्या, "सर, सगळ्यांची बसत नाही. का, ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही. तोवर तुम्ही आहार सांभाळा आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम सोडू नका."

"मला व्यायाम शिकवतेस?" सर हसत म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र त्यांना आपलं ते हसणं आठवून कसंनुसं झालं.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आता सकाळी म्हाताऱ्यांची जत्रा भरे. ज्यांची खार बसली होती त्यांनी आपलं मंडळच काढलं होतं. त्यांचा म्होरक्या दिगंबर कणसे, निवृत्त नायब तहसीलदार. माणूस विधुर, बोलका, बगळ्यासारख्या पायांचा. तरुणपणी त्याला कधी कुणी धावताना पाहिलं नव्हतं. आता तो डांबरी चढ शीळ घालत चढायचा.

जयसिंगराव वैजयंताबाईंबरोबर पायथ्यापर्यंत जात आणि तिथल्या कठड्यावर बसून राहत.

"काय शेडगे सर, येताय ना वरपर्यंत?" कणसे रोज विचारी.

"गुडघा धरलाय," सर रोज सांगत. गुडघ्याला काही धाड भरली नव्हती.

एकदा मंडळातल्या कुणीतरी म्हटलं, "सरांनी तीनदा खार खाल्ली म्हणे, पण बसेचना."

"तरीच!" कणसे टाळी वाजवून म्हणाला. "तरीच सर आमच्यावर खार खाऊन असतात!"

सगळे खदखदून हसले. सरही हसले. मग त्यांचं लक्ष वैजयंताबाईंकडे गेलं. त्या तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. असं हसताना त्यांनी बायकोला घरात कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. मंडळी चढाला लागली. पहिल्या वळणावर कणसे वैजयंताबाईंना काहीतरी सांगत होता आणि त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. मग वळणाने दोघांनाही गिळलं. जयसिंगराव कठड्यावर बसून ते रिकामं वळण बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी चंग बांधला. सकाळी अंडी, दुपारी मटणाचा अळणी रस्सा, संध्याकाळी दुधात कालवलेली महागडी प्रथिनांची पूड. पोट तुंबायला लागलं, ढेकरा येऊ लागल्या, रात्री झोप उडाली. मग रक्ततपासणीत मूत्रपिंडांनी हात वर केले आणि ते सगळं बंद करावं लागलं. समोर वैजयंताबाई एक भाकरी, अळूचं फदफदं आणि वाटीभर आमटी खाऊन हात धुऊन मोकळ्या होत. गॅसची टाकी एका हाताने सरकवत, माळ्यावरचे डबे काढत, पडद्यांच्या दांड्या बदलत. पूर्वी ही कामं जयसिंगरावांना हाक मारून सांगितली जायची. आता कुणी हाक मारत नव्हतं.

आणि मग वासोटा निघाला.

"डिसेंबरात मंडळ वासोट्याला जातंय," वैजयंताबाई जेवताना म्हणाल्या. "मीही जाईन म्हणते."

जयसिंगरावांचा घास हातात राहिला. वासोटा म्हणजे त्यांची खासगी मिळकत होती. दरवर्षी ते पोरांची तुकडी घेऊन बामणोलीहून लाँचने तलाव ओलांडत, पलीकडच्या घनदाट रानातून उभा चढ चढून गडावर जात. परत आले की त्यांच्या पायांसाठी ऊन पाण्याचं घमेलं तयार असे. पाय शेकत ते गडाच्या गोष्टी सांगत आणि वैजयंताबाई ऐकत. त्यांना न्यायचं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"जंगल आहे ते, वैजू. जळवा असतात."

"डिसेंबरात कुठल्या जळवा? तुम्हीच सांगायचात, पाऊस सरला की जळवा जातात म्हणून."

"कणसेला वाट तरी ठाऊक आहे का?"

"मला ठाऊक आहे की. ओढा लागतो, मग मारुतीचं पडकं देऊळ, मग उभा चढ. इतक्यांदा ऐकलंय तुमच्या तोंडून, डोळे मिटून जाईन."

त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. जयसिंगरावांना मात्र आपला गड कुणी आपल्या डोळ्यांदेखत उचलून नेल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात वैजयंताबाईंनी पायांत घालायला नवे बूट आणले. गुलाबी नाडीचे. ते घालून त्या घरभर चालून बघत होत्या, आणि सर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

दिवाळीनंतर वैजयंताबाईंची दाढ ठणकायला लागली. दोन दिवसांत गाल सुजला, ताप भरला. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली, पू वाहू दिला, आणि जयसिंगरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "काकूंना खार बसलेली आहे, त्यामुळे जपून. या चिठ्ठीवर नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहिल्यात, पण आधी मुजावर मॅडमना फोन करा. त्या नको म्हणाल्या तर त्यांच्याकडे इंजेक्शनचं औषध असतं, ते आतड्यापर्यंत जात नाही. गोळ्यांनी आतड्यातलं सगळं धुऊन निघतं, खारही."

वैजयंताबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी हातानेच फोनची खूण केली. "करतो, करतो," सर म्हणाले.

औषधांच्या दुकानाच्या पायरीवर त्यांनी खिशातून फोन काढला. नाव समोर होतं. बोट लावायचं काय ते बाकी होतं. त्यांनी लावलं नाही. मनात असं स्पष्ट काही ठरलेलं नव्हतं. इतकंच की बोट जाईना. समोरून एक म्हातारा मुलीचा हात धरून सावकाश चालला होता. सरांनी त्याला नजरेआड होईपर्यंत पाहिलं. मग फोन खिशात टाकून ते आत गेले.

दुकानदार शिंदे चिठ्ठी यंत्रावर धरून म्हणाला, "काका, पडदा विचारतोय. खार बसलेली आहे का?"

"नाही बसली," जयसिंगराव म्हणाले. आणि मनाशी म्हणाले, माझी नाहीच बसली.

घरी वैजयंताबाईंनी डोळे उघडले. सुजलेल्या तोंडाने कसंबसं विचारलं, "विचारलंत?"

"विचारलं. चालतील म्हणाली."

त्यांनी हात पुढे केला, गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि कुशीवर वळल्या.

दाढ बरी झाली. ताप गेला. अंगातला जोर मात्र परत आला नाही. आधी वाटलं, आजारपणाचा शीण असेल. मग चढाच्या दुसऱ्या वळणावर त्यांना धाप लागायला लागली, मग पहिल्या. मग एके दिवशी त्या कठड्यावर जयसिंगरावांच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा हो कणसे पुढे. मी बसते यांच्यापाशी."

खरं सांगायचं तर पुढचे काही आठवडे जयसिंगरावांना सुखाचे गेले. दोघं सावकाश कॉलनीला एक फेरी मारत. वैजयंताबाई त्यांचा दंड धरून चालत. कोपऱ्यावरच्या टपरीत अर्धा-अर्धा चहा घेत. माळ्यावरचा डबा काढायचा तर दोघं मिळून काढत, एकाने स्टूल धरायचं, एकाने चढायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखं वाटे त्यांना. चोरलेल्या वस्तूवर हळूहळू आपलाच हक्क वाटायला लागावा तशी त्यांना त्या दिवसांची सवय झाली.

वासोट्याच्या दिवशी कणसेने लाँचवरून व्हिडिओ कॉल केला. निळं पाणी, पलीकडे काळं रान, मंडळाचे ओरडणारे, हात हलवणारे चेहरे. "वहिनी, हे बघा! तुम्ही सांगितलं तस्साच ओढा येणार का आता?"

वैजयंताबाईंनी फोन जवळ धरला. "येईल," म्हणाल्या. "ओढा ओलांडला की डावी वाट धरा." आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन आत गेल्या.

"पुढच्या वर्षी जाशील," जयसिंगराव दारातून म्हणाले.

त्या पलंगावर बसून बुटांच्या गुलाबी नाड्या ओढून काढत होत्या. धुवायच्या म्हणून, की आणखी कशासाठी, ते सरांनी विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात ते झालं. मंडईतून येताना वैजयंताबाईंच्या पायांतलं बळ एकाएकी गेल्यासारखं झालं आणि त्या फुटपाथच्या कडेवर बसल्या. लागलं नव्हतं. पण उठता येईना. जयसिंगरावांनी काखेत हात घालून ओढलं. त्या अर्ध्या उठल्या आणि जयसिंगरावांचाच तोल जाऊन दोघंही खाली आले. मेथीची जुडी सुटून पसरली. दोघं सत्तरी उलटलेली माणसं भर दुपारी फुटपाथवर शेजारी शेजारी बसून होती, आणि एकालाही दुसऱ्याला उठवता येत नव्हतं. शेवटी समोरची पेरूवाली बाई आली. तिने आधी एकाला, मग दुसऱ्याला बखोटीला धरून उभं केलं आणि म्हणाली, "घरी कुणी न्हाई का तुमच्या?"

वैजयंताबाई म्हणाल्या, "आहेत ना. हे काय, हे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या हट्टाने केंद्रावर गेल्या. सर बरोबर होते. वैजयंताबाईंनी नळीत फुंकलं. काटा हलला नाही.

डॉक्टर मुजावरांनी पुन्हा फुंकायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काकू, मधे कुठलं अँटिबायोटिक झालं का?"

"झालं की, दाढेच्या वेळेस. पण यांनी तुम्हाला विचारलं होतं ना फोनवर."

डॉक्टरांनी मान वर करून सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला... आठवत नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मग त्या घाईघाईने दुसरंच बोलायला लागल्या. "काकू, एक सांगू? खार कुणाची बसते ते आता आम्हाला कळलंय. मागच्या महिन्यात सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र केले. लग्न होऊन आलात तेव्हा घरात जेवणं कशी व्हायची तुमच्या?"

"कशी म्हणजे? आधी पुरुषमाणसं, मग पोरं, मग आम्ही बायका."

"मटण असलं की?"

"रस्सा यायचा ना आमच्यापर्यंत. कधी एखादं हाडूक." वैजयंताबाई साध्या आवाजात सांगत होत्या. "यांचं खेळाडू म्हणून वेगळं असायचं. दूध, चार अंडी. यांच्या आईची तशी ताकीदच होती. माहेरीही तेच, माझे भाऊ तालमीत जायचे."

डॉक्टरांनी मान हलवली. "तेच. जगात काही डोंगरी लोक आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या रताळ्यांवर राहतात आणि तरी अंगाने काटक असतात. त्यांच्या आतड्यात काही जुने जिवाणू वस्तीला असतात, नायट्रोजनचा कण अन् कण खरवडून वापरणारे. ज्यांच्या ताटात आयुष्यभर कमी पडलं त्यांच्याही पोटात ते टिकून राहतात. भरल्या पोटातून ते निघून जातात. आपली खार परकी. तिला एकटीला राहता येत नाही. ती त्या जुन्या वस्तीच्या आसऱ्याने राहते. म्हणून ती तुमच्या पिढीतल्या बायकांची बसते आणि पुरुषांची सहसा बसत नाही. कणसेकाकांची बसली, कारण ते बोर्डिंगच्या पातळ वरणावर वाढले." त्या थांबल्या. "त्या गोळ्यांनी खार गेली, त्याचं एवढं नाही, तुमचा नमुना आमच्या शीतपेटीत आहे. पण आसराही धुऊन निघाला. तो जमायला पन्नास वर्षं लागली होती."

जयसिंगरावांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. इतके महिने आपण कशावर जळत होतो ते त्यांच्यापुढे आलं. वैजूच्या रिकाम्या ताटावर. उपाशी राहून तिच्या पदरात जे एकुलतं एक पडलं होतं, तेही त्यांनी तिच्याकडे राहू दिलं नव्हतं.

परतताना रिक्षात दोघंच होते. रिक्षा बिनचालकाची, त्यामुळे ऐकायलाही कुणी नव्हतं. ती पोवई नाक्यापाशी आली.

"विचारलं नव्हतंत ना?" वैजयंताबाई म्हणाल्या.

"नाही."

"विसरलात?"

त्या दार उघडं ठेवत होत्या. त्यातून सटकणं सोपं होतं, आणि त्यांनी ते मानूनही घेतलं असतं. जयसिंगरावांच्या जिभेवर ‘हो’ आलंही.

"नाही," ते म्हणाले. "विसरलो नाही."

"मग?"

"तू पुढे निघून जायला लागलीस. मी खाली बसून रोज तुझ्या पाठीकडे बघायचो. वळण आलं की तू दिसेनाशी व्हायचीस. तो कणसे दिसेनासा व्हायचा. मला वाटलं, तू थोडी... मला वाटलं, परत माझ्याजवळ येशील."

वैजयंताबाई त्यांच्याकडे वळल्या. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर जयसिंगरावांना कळलं असतं काय करायचं ते.

"मग हाक मारायची," त्या म्हणाल्या. "मागनं एक हाक मारायची. मी थांबले नसते?"

जन्मभर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडण्यात घालवलेल्या माणसाला ती एक हाक सुचली नव्हती.

"थांबले असते हो मी," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी शब्द फुटले. त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं.

डॉक्टर मुजावरांनी शीतपेटीतल्या नमुन्यातून खार पुन्हा दिली. पहिल्यांदा ती आलीच नाही. शिमग्याच्या सुमारास काटा जरा हलला, आणि उन्हाळा सरेपर्यंत पूर्वीच्या निम्म्यावर येऊन थांबला. "यापुढे जाईलसं वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीचं आता ताटातून भरून काढायचं." मग घरात पहिलं ताट वैजयंताबाईंचं वाढलं जाऊ लागलं. जयसिंगराव स्वतः अंडी उकडत, सोलत, पनीर परतत, मटकीची उसळ त्यांच्यासमोर नेऊन ठेवत आणि त्यांचं होईपर्यंत उभे राहत. त्या नको म्हणत नसत. निवांत बसून, सगळं संपवून उठत. त्या चढाच्या निम्म्यापर्यंत जायला लागल्या. वासोट्याचं नाव कुणी काढलं नाही.

पुण्यातल्या लेकीला वैजयंताबाईंनी काही सांगितलं नाही. कणसेला नाही, शेजारणीला नाही. बोलणं पूर्वीसारखंच चालू राहिलं. भाजी काय करायची, पाणी कधी येणार, कुणाच्या नातवाचं लग्न ठरलं. बाहेरच्या कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की या घरात काही झालं होतं.

श्रावणात वैजयंताबाईंना खोकला झाला. डॉक्टर मुजावरांनी चालणारी गोळी लिहून दिली आणि जयसिंगराव ती घेऊन आले. पेल्यात कोमट पाणी घेतलं, गोळी तळहातावर ठेवून पुढे केली.

"पाकीट कुठाय?" वैजयंताबाईंनी विचारलं.

त्यांनी पाकीट दिलं. वैजयंताबाई उठल्या, चष्मा लावून खिडकीपाशी गेल्या. उजेडात धरून त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, ओठ हलवत, अक्षर अन् अक्षर. मग औषधांच्या दुकानात फोन लावला. "शिंदे, मी शेडगेबाई. हे आत्ता नेलं ते औषध, खार असली तर चालतं ना?"

पलीकडून शिंदे काहीतरी बोलला. दोन शब्द असतील. त्या शिंदेला वैजयंताबाईंनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," वैजयंताबाई म्हणाल्या, आणि गोळी तोंडात टाकली.

पाण्याचा पेला पुढे धरून जयसिंगराव उभे होते. शिंदेला मिळालेल्या त्या एका ‘बरं’चा त्यांना जेवढा हेवा वाटला, तेवढा कणसेचा कधी वाटला नव्हता.